श्रेयनामावली: उंबरठा की संहिता?

चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर ‘वातावरणनिर्मिती’ असा शिक्का मारून मोकळे होण्याची सवय मराठी समीक्षेला जडली आहे. हा शब्द निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात तो विचार थांबवतो. वातावरण तयार झाले, आता कथा सुरू होईल, असे त्यात गृहीत असते. कथा तोवर सुरू झालेली असते, हे मात्र नजरेतून सुटते.

या सवयीला सैद्धान्तिक आधारही दिला जातो. जेरार जनेत यांनी १९८७ च्या ग्रंथात शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना यांना संहितेचे उंबरठे मानले आणि त्यांचे स्थान दुय्यम, संहितेच्या सेवेतले ठरवले. ग्रंथासाठी सिद्ध केलेली ही संकल्पना चित्रपटाला जशीच्या तशी लावता येत नाही. वाचक प्रस्तावना वगळू शकतो. चित्रपटगृहातील प्रेक्षकाला नावे आणि त्यांमागची प्रतिमा एकाच पडद्यावर, एकाच कालप्रवाहात भेटतात. नावे उपसंहिता असतील. प्रतिमा संहिताच असते.

सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ (१९६४) पाहावा. नावे उमटत असताना एका स्त्रीचे हात रुमालावर रोमन ‘बी’ हे अक्षर भरत असतात. भूपती अजून दिसलेला नाही. पण टाक्याटाक्याने सरणारा रिकामा वेळ आणि दुसऱ्याच्या नावात गुंतलेले हात आपण पाहिले आहेत. अक्षर बंगाली नाही, ही गोष्ट तर निर्णायक आहे. भूपती इंग्रजी राजकीय वृत्तपत्र चालवतो. चारू पुढे बंगालीत लिहिणार आहे. पतीच्या जगाची लिपी पत्नीची सुई गिरवते, हा चित्रपटातील मूळ विसंवाद येथेच मांडला जातो. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ (१९०१) मध्ये चारूचे रिकामपण निवेदक सांगतो. चित्रपटात ते कार्य श्रेयनामावलीपासूनच सुरू होते. माध्यमांतराच्या अभ्यासकांनी नेमकी हीच जागा वगळली, तर ते तुलना तरी कशाची करतात?

‘व्हर्टिगो’ (१९५८) ची श्रेयनामावली दिग्दर्शक हिचकॉक यांनी नव्हे, सॉल बास यांनी रचली. तिच्यातील चेहरा कथेतील कोणत्याही पात्राचा नाही. म्हणून ती कथेबाहेरची, असा आक्षेप येईल. परंतु स्त्रीच्या डोळ्यातून निघणारे ते आवर्त पुढे नायिकेच्या अंबाड्यात आणि मनोऱ्याच्या जिन्यात परत येते. संहितेची सीमा कर्ता कोण यावरून ठरत नाही. अर्थाचे धागे कोठवर पोचतात, यावरून ठरते.

प्रत्येक श्रेयनामावली ही योग्यता गाठते, असे नाही. पण ती न वाचताच तिला दुय्यम ठरवणे हा सिद्धान्त नव्हे, आळस आहे.