घरांतील यंत्रें : अकस्मात् बंद पडणारा संगणक
एक वाचक भगिनी लिहितात कीं, यजमानांचा ग्रंथ टंकित होत असतां टेबलावरील संगणक अकस्मात् मालवतो आणि तासाभराचें लेखन लयास जातें. प्रथम लेखनाची प्रत अन्यत्र काढून ठेवावी, दुरुस्ती मागाहून. अर्ध्या तासानें बंद पडून निवल्यावर यंत्र पूर्ववत् चालत असेल, तर दोष बहुधा उष्णतेचा. प्रोसेसर मर्यादेबाहेर तापला कीं स्वसंरक्षणार्थ यंत्र बंद करवितो. वीज तोडून, पंखा बोटानें स्थिर धरून, त्याखालील धातूच्या पत्र्यांतील धूळ मऊ कुंचल्यानें काढावी. (ही धूळ दिवाळीच्या झाडलोटीची वाट पाहत नाहीं!) विंडोजच्या नोंदींतील ‘कर्नेल-पॉवर ४१’ पाहून घाबरूं नये, यंत्र रीतसर बंद झालें नाहीं, एवढेंच ती सांगते. तरीहि तेंच घडल्यास जाणकाराकडून एसएमपीएस बदलून पाहावा. घरीं मात्र तो उघडूं नये, कारण तार काढल्यावरहि त्याच्या कपॅसिटरांत वीज सांठून राहते.