रविवारपुरता ख्रिस्ती

ऑक्टोबर हा कॅथलिकांचा जपमाळेचा महिना. ७ तारखेला जपमाळेच्या मातेचा सण. चर्चमध्ये गर्दी वाढते, फुलं वाढतात, व्हॉट्सॲपवर मरियामातेचे फोटो फिरतात. चांगलंच आहे. पण एक कॅथलिक म्हणून आपल्या पनवेलकडच्या घरांबद्दल स्पष्ट बोलायचं, तर आपली प्रार्थना घर सोडून चर्चमध्ये राहायला गेली आहे. आठवड्यातून एकदाच भेटणारी श्रद्धा हळूहळू नुसती ओळख होऊन बसते. जातीच्या दाखल्यासारखी. गरज पडली की काढायची, एरवी कपाटात.

कारणं सगळ्यांना माहीत आहेत. इथला कॅथलिक कोणी वसईचा, कोणी गोव्याचा, मंगळूरचा, केरळचा. नोकरीसाठी, परवडणाऱ्या घरासाठी आला. गावाकडे संध्याकाळी आजी हाक मारायची आणि सगळं घर जपमाळेला बसायचं. इथे सकाळची लोकल, रात्री नऊला घरी, त्यात पोरांचे क्लास. हाक मारणारंच कोणी उरलं नाही.

"वेळ नाही" हे मात्र मला पटत नाही. जपमाळेत दहा-दहाचे पाच गट, फार तर वीस मिनिटं. पनवेलहून सुटलेली गाडी नेरुळच्या आसपास पोहोचते तेवढ्यात पुरी होते. त्याच डब्यात सकाळी भजनी मंडळं टाळ वाजवत जातात. वारकऱ्याच्या घरी हरिपाठ रोज होतो, एकादशीपुरता नाही. हे आपल्याला शेजाऱ्याकडूनही शिकता येईल.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. तेच तेच शब्द पन्नास वेळा म्हणून काय मिळतं? नुसती जीभ चालवली तर काहीच नाही. पण जपमाळ म्हणजे फक्त मोजणी नव्हे. सोमवारी-शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. म्हणजे आठवडाभरात येशूचं सगळं आयुष्य डोळ्यांपुढून जातं. तोंडातले शब्द ठरलेले असतात, म्हणून मन त्या प्रसंगात थांबू शकतं. पहिले काही दिवस कंटाळा येणारच. तालमीत नवख्यालाही येतो.

प्रश्न भाषेचाही आहे. आजीची प्रार्थना मराठीत, नातवाची शाळेतली इंग्रजीत. दोघं एकत्र बसणार कसे? फादर थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज, पण १६१६ मध्ये त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं ते मराठी ओव्यांत, जवळपास अकरा हजार. माणसाच्या मनात शिरायचं तर त्याच्या बोलीतून, हे त्या परक्याला चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं. मिस्सा लोकभाषेत आणायची वाट १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मोकळी केली. मग घरात तरी पोरांना 'हे आमच्या स्वर्गातील बापा' मराठीतून यायला नको? घरी मल्याळी किंवा कोकणी असेल तर त्या भाषेत. पण आजीला कळेल अशा भाषेत.

आता कोणी म्हणेल, ही घरातली बाब, चारचौघांत कशाला? कारण रोजची प्रार्थना खरी असेल तर ती घरात थांबत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवा. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते महाराष्ट्राला माहीत झाले, २०२४ मध्ये गेले. पण त्याआधी वसईची हिरवाई बिल्डरांच्या घशात जाऊ नये, विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जाऊ नये, म्हणून ते हरित वसईच्या लढ्यात रस्त्यावर उतरले होते. धमक्यांच्या काळात उभं राहायचं बळ एका दिवसात येत नाही. ते रोज थोडं थोडं साठवावं लागतं.

आपल्या पनवेलमध्येही डोंगर फुटतायत, खाड्या बुजतायत, विमानतळाभोवती जमिनीचे भाव चढतायत. या व्यवहारांत आपलीही माणसं आहेत. रविवारी कम्युनियन आणि सोमवारी खोटा सातबारा, हे जमतं कसं? मधले सहा दिवस देवासमोर बसावं लागत नाही, म्हणून जमतं.

संत इग्नेशियसने सांगितलेलं आत्मपरीक्षण यासाठीच आहे. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं. आज काय चांगलं मिळालं, कोणाला दुखावलं, कोणाचे पैसे अडवले, उद्या काय सुधारायचं. सलग काही दिवस हे स्वतःला विचारा. कामवालीचा थकलेला पगार आपोआप आठवतो.

तेव्हा या महिन्यात मोठे संकल्प नकोत. रात्री जेवणाआधी टीव्ही बंद, मोबाईल बाजूला, सगळे एकत्र, जपमाळेचा एकच गट. दहा नमो मारिया. पाच मिनिटंही लागणार नाहीत. हाक मारायला आजी नसेल तर तुम्ही मारा.