राजकोटावरचा पुतळा सगळ्यांनी पाहिला. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाचे काय?

मालवण : राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. 4 डिसेंबर 2023 च्या नौदल दिनी त्याचे अनावरण झाले होते, त्याला नऊ महिनेही झाले नव्हते. त्यानंतर कितीतरी दिवस नाक्यावर, एसटीत, मच्छी मार्केटात एकच विषय होता. शिल्प कसे घडते, सांगाडा कसा लागतो, खारा वारा काय करतो, यावर सगळेच बोलले. मे 2025 मध्ये नवा पुतळा उभा राहिला, लोकांनी समाधानाचा श्वास टाकला आणि विषय संपला.

एक प्रश्न मात्र राहून गेला. अशी कामे करणारे हात तयार कुठे होतात? आणि आपल्या जिल्ह्यातल्या हायस्कूलमध्ये त्यांची सुरुवात होते का?

नवा पुतळा ज्येष्ठ शिल्पकार राम सुतार आणि त्यांचे पुत्र अनिल सुतार यांनी घडवला. राम सुतार मूळचे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावचे, साध्या सुतारकाम करणाऱ्या घरातले. त्यांच्या हातातली कला गुरूंनी ओळखली आणि त्यांना मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. म्हणजे खेड्यातल्या मुलाकडे नीट बघणारे कोणीतरी वेळेवर भेटले. आज आपल्या वाडीवरच्या मुलाला असे कोणी भेटेल का, हा खरा मुद्दा आहे.

सात गुणांपुरती कला

हायस्कूलमध्ये चित्रकला म्हटले की बहुतेक पालकांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट आठवते. या शासकीय रेखाकला परीक्षा साधारण सप्टेंबरच्या अखेरीस होतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यातले विषय. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला 7, ब ला 5 आणि क ला 3 वाढीव गुण मिळतात. 500 पैकी 7 म्हणजे 1.4 टक्के. अकरावीच्या प्रवेशाला तेवढ्यानेही फरक पडतो, म्हणून पालक फॉर्म भरतात.

त्यात वाईट काही नाही. पण गुणांसाठी बसलेला मुलगा शेवटच्या महिन्यात नमुने पाठ करतो, परीक्षा देतो आणि रंगपेटी माळ्यावर टाकतो. नववी-दहावीला ‘स्वविकास व कलारसास्वाद’ हा विषय आहे, पण त्याला फक्त श्रेणी मिळते, टक्केवारीत तो धरत नाहीत. त्यामुळे गणित-इंग्रजीचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी याच तासाचा जातो. हे कुठल्या एका शाळेचे नाही, सगळीकडचेच आहे.

पट कमी, म्हणून शिक्षक नाही

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत 100 पेक्षा जास्त मुले असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक द्यावा, असे तो सांगतो. कागदावर चांगली गोष्ट. पण सिंधुदुर्गात सहावी ते आठवीला शंभरावर मुले असलेल्या शाळा किती सापडणार? डोंगर, खाड्या, विखुरलेल्या वाड्या आणि मुंबईला गेलेली घरे. इथे पट लहानच असतो. म्हणजे नियम शहराला बेताचा आणि कोकणाला तोकडा.

त्यात 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने कमी पटाच्या शाळांतल्या विषय शिक्षकांच्या पदांवरच टाच आली. शिक्षक संघटनांनी त्याला राज्यभर विरोध केला. जिथे गणिताच्या शिक्षकासाठी भांडावे लागते, तिथे चित्रकलेच्या सरांचे नाव कोण काढणार? निवृत्त झालेल्या कलाशिक्षकाची जागा रिकामी राहते आणि तास दुसऱ्याच विषयाला जातो.

दुसरीकडे, 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते की कला आणि विज्ञान, मुख्य विषय आणि जोड विषय अशी भिंत नको. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर नववी-दहावीपर्यंत कलेला विषयाचा दर्जा दिला आहे. धोरण पुढे चालले आहे, शिकवणारा माणूस मात्र मागे राहिला आहे.

जिल्हा कलेवर जगतो

‘झिलाक चित्रां बरी काढूक येतत, पण तेचा पुढे काय?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. त्याचे उत्तर आपल्याच अंगणात आहे. चतुर्थीच्या आधी दोन-तीन महिने गावोगाव गणपतीच्या शाळा भरतात. नावच ‘शाळा’. तिथे माती मळण्यापासून डोळ्यांच्या आखणीपर्यंत सगळे हाताने चालते. सावंतवाडीची लाकडी खेळणी देशभर माहीत आहेत. राजघराण्याने पुन्हा उभी केलेली गंजिफा आजही हातानेच रंगवतात. दशावतारी गंजिफेच्या एका संचात 120 गोल पाने असतात. कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी जपली आणि त्यासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पर्यटन वाढले तसे होमस्टेचे फलक, भिंतीवरची चित्रे, लग्नाची सजावट, मोबाईलवरच्या जाहिराती यांचेही काम वाढले. ते करायला अनेकदा बाहेरून माणूस येतो.

शिक्षणाच्या वाटाही आहेत. सावंतवाडीत बी. एस. बांदेकर फाईन आर्ट कॉलेज आहे. रत्नागिरी जिल्ह्यात देवरूख आणि सावर्डे इथे कला महाविद्यालये आहेत, पणजीला गोवा कॉलेज ऑफ आर्ट आहे. बारावीनंतर बीएफएला जायचे तर राज्याची सीईटी द्यावी लागते. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्रच असते. आर्किटेक्चरच्या ‘नाटा’ परीक्षेतही रेखाटन येते. ज्या मुलाला हायस्कूलात हे कोणी शिकवलेच नाही, तो शहरातल्या क्लास लावलेल्या मुलापुढे पहिल्याच फेरीत मागे पडतो. नुकसान 7 गुणांचे नाही, वाटच बंद होण्याचे आहे.

गावाला काय करता येईल

सगळे सरकारवर सोडून चालणार नाही, आणि सरकारला मोकळे सोडूनही नाही. शंभराच्या पटाची अट डोंगरी आणि किनारी भागासाठी शिथिल करावी, जवळच्या तीन-चार शाळांना मिळून एक कलाशिक्षक द्यावा, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून आणि लोकप्रतिनिधींमार्फत लावून धरता येते.

तोवर पालकांनी पालकसभेत तीन गोष्टी विचाराव्यात. वेळापत्रकात चित्रकलेचा तास आहे का? तो खरेच होतो का? रेखाकला परीक्षेचे फॉर्म शाळा भरते का, की दुसऱ्या केंद्रावरून भरावे लागतात? गावातल्या गणपतीच्या शाळेतला मूर्तिकार महिन्यातून एक दिवस शाळेत आला, तर त्याला मानधन द्यायला गाव पुढे येऊ शकते. मुलांना त्याच्याकडून मातीचे काम शिकता येईल, आणि त्यालाही पुढच्या चतुर्थीला मदतीचे दोन हात मिळतील.

पुतळा पडला तेव्हा सगळ्यांनी जाब विचारला. चित्रकलेचा तास पडतो तेव्हा आवाज होत नाही, म्हणून कोणी विचारत नाही. पुढच्या पालकसभेत तेवढे विचारले, तरी सुरुवात होईल.