मरुभूमीची यात्रा आणि चौविहार

दिवाळीनंतर नंदुरबारातील ओसवाल कुटुंबांत जैसलमेर-लोद्रव्याच्या यात्रेची आखणी सुरू होते, ती विमानाच्या भाड्यापासून. वास्तविक आधी सूर्यास्त पाहावयास हवा. डिसेंबरात तेथे सहाच्या सुमारासच दिवस मावळतो आणि जोधपूर-जैसलमेर हे सुमारे 280 किलोमीटर अंतर मोटारीने पाच तासांचे आहे. दुपारी जोधपुरास उतरविणारे स्वस्त विमान चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांना वाटेतच उपाशी ठेवते. अशा वेळी जोधपुरात मुक्काम करावा, सकाळी ओसियांमार्गे निघावे. ओसवाल आपले मूळ जेथे मानतात, तेथील आठव्या शतकातील महावीर मंदिराचे दर्शन घेऊनही उजेडी जैसलमेर गाठता येते.

गाडी ठरविताना क्रमांकाची पाटी पाहावी. चालकासह मिळणारी भाड्याची गाडी पिवळ्या पाटीची असते. स्वतः चालविण्यासाठी भाड्याने मिळणारीची पाटी काळी, अक्षरे पिवळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त पडते खरी, परंतु अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. हिशेबी माणसाला ही काटकसर शोभत नाही.

लोद्रव्याचे पार्श्वनाथ मंदिर जैसलमेरपासून अवघ्या पंधरा-सोळा किलोमीटरांवर आहे. समच्या वाळूच्या टेकड्या मात्र चाळीस किलोमीटर दूर. तेथला सूर्यास्त पाहावयाचा असेल, तर जेवणाचा डबा दुपारीच गाडीत ठेवावा.