'टाटा'ची १०० रुपयांची गोळी: कॅन्सरवर खरंच चालते का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमधून एक बातमी आली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'कॅन्सरवर शंभर रुपयांत गोळी' म्हणून फिरली. शिरूर किंवा दौंडहून परळ गाठायचं म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते. त्यामुळे असा मेसेज मनाला लगेच पटतो. म्हणूनच तो नीट समजून घ्यायला हवा.

गोळीत काय आहे?

रेझवेराट्रॉल आणि तांबं. रेझवेराट्रॉल द्राक्षाच्या सालीत असतं. हे औषध नव्हे, पोषणपूरक आहे.

ती काम कशी करते?

डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाच्या मते, किमो किंवा रेडिएशनने मेलेल्या कॅन्सर पेशींमधून क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांचे, बारीक कण बाहेर पडतात. ते चांगल्या पेशींत शिरून डीएनए बिघडवतात आणि दाह वाढवतात. रेझवेराट्रॉल आणि तांबं एकत्र आले की तयार होणारे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू या कणांचा नाश करतात.

पुरावा किती?

दुष्परिणाम निम्म्याने आणि कॅन्सर पुन्हा होण्याचा धोका ३० टक्क्यांनी कमी होतो, असं तेव्हा सांगितलं गेलं. मात्र कॅन्सर पुन्हा होण्याबाबतचे प्रयोग उंदरांवरचे होते. पुढे २०२५ मध्ये मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा कॅन्सरच्या २० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या १० जणांना शस्त्रक्रियेआधी साधारण १२ दिवस गोळ्या दिल्या. त्यांच्या गाठीत पेशी वाढण्याची खूण कमी दिसली. ही आशादायक गोष्ट आहे, पण रुग्ण जास्त जगतात का, हे यातून सिद्ध होत नाही.

मग दुकानातली कॅप्सूल घ्यायची का?

इथेच गफलत होते. या अभ्यासात एका वेळी रेझवेराट्रॉल ५.६ मिलिग्रॅम होतं. बाजारातल्या कॅप्सूलमध्ये अनेकदा २५० ते ५०० मिलिग्रॅम असतं आणि ठरावीक प्रमाणातलं तांबं नसतं. म्हणजे ती गोळी वेगळी, ही वेगळी. द्राक्षं खाऊन किंवा तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊनही हा डोस साधत नाही.

'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?' असंही म्हणतात. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ च्या निष्कर्षानुसार, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर उलट १८ टक्क्यांनी जास्त आढळला.

लक्षात काय ठेवायचं?

पोषणपूरकाच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं भारतात बंधनकारक आहे. ती ओळ आधी वाचा. घरात कुणाची किमो सुरू असेल तर कोणतीही पावडर किंवा कॅप्सूल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. काही पूरकं औषधांच्या कामात अडथळा आणतात. आणि गोळीच्या भरवशावर किमोची तारीख चुकवू नका. चुकलेला उपचार शंभर रुपयांत भरून निघत नाही.