सुप्याला रेल्वे स्थानक हवेच

पारनेरचा माणूस मुंबईला निघाला की टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा करीत माळशेज उतरतो. पुण्याला निघाला की सुपा-शिरूरचा रस्ता धरतो. दोन्हीकडे एसटी, जीप नाहीतर ट्रक. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला, तो तालुक्याच्या पूर्वेकडून निघून गेला. नगरहून रेल्वेने पुणे गाठायचे तर आजही दौंडचा वळसा आहेच. रस्त्याने सुमारे 120 किलोमीटरचे अंतर रुळांवरून दीडशेच्या पुढे जाते. मग रेल्वेने जाणार कोण?

देशातील ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळपास पूर्ण झाले, गाड्यांची टक्कर टाळणारी 'कवच' यंत्रणा बसू लागली, फेब्रुवारी 2023 पासून शिर्डीला वंदे भारत येते. हे सारे हवेच आहे. पण जिथे रूळच नाहीत तिथल्या लोकांसाठी आधुनिकीकरणाची सुरुवात नव्या मार्गापासून होते.

खोडदच्या 30 अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीला बाधा नको, म्हणून पुणे-नाशिक रेल्वे शिर्डी-अहिल्यानगरकडून नेण्याचा विचार रेल्वे मंत्रालयाने पुढे आणला आहे. दुर्बीण जपलीच पाहिजे. मूळ मार्गावरच्या नारायणगाव आणि संगमनेरकरांचा रोषही रास्त आहे. त्यांच्या तोंडचा घास काढून पारनेरला काही नको. मात्र अहिल्यानगर-पुणे थेट दुहेरी मार्गाची गरज या वादाच्या कितीतरी आधीची आहे आणि वादाचा निकाल काहीही लागला तरी ती उरणार आहे.

हा मार्ग आखताना पारनेर तालुक्यातली सुपा औद्योगिक वसाहत टाळून रेषा ओढली गेली, तर तो मोठा अन्याय ठरेल. इथे जपानी उद्योगांसाठी जागा राखली, कारखाने आले. माल मात्र न्हावाशेवापर्यंत ट्रकनेच जातो आणि शिक्रापूर-वाघोलीच्या कोंडीत अडकतो. पारनेरचा कांदा आणि वाटाणा याच वाटेने जातो. वाटाण्याला तर थांबायला वेळच नसतो. 2020 मध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली, तेव्हा नाशवंत माल रेल्वेने दूर नेता येतो हे देशाने पाहिले. त्यासाठी माल चढवायला जवळ धक्का लागतो. सुप्याला नुसता प्रवासी थांबा देऊन भागणार नाही. मालधक्का आणि कंटेनरची सोय पहिल्या आराखड्यातच हवी.

भीती आहे ती दिरंगाईची. 261 किलोमीटरचा अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग 1995 च्या सुमारास मंजूर झाला; बीडला गाडी पोहोचली 17 सप्टेंबर 2025 रोजी. एक पिढी वाट पाहण्यात गेली. माळशेजमार्गे कल्याण-नगर रेल्वेचे तर सर्वेक्षणापुढे फारसे काही सरकलेले नाही.

म्हणून जिल्ह्यातील खासदार-आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून तीन गोष्टींवर एकत्र अडून बसावे: मार्गाची अंतिम आखणी गावनिहाय जाहीर व्हावी, जमीन जाणाऱ्या शेतकऱ्याला मोजणीआधी दर कळावा आणि राज्याला वाटा उचलावा लागला, तर तो येत्याच अर्थसंकल्पात रकमेसह दिसावा.