पाणबुड्याला गणित कशाला?

गेल्या जूनमध्ये शेजारचा एक मुलगा माझ्याकडे आला. नुकताच दहावी झालेला. मे महिन्यात तो मालवणला जाऊन आला होता. तेथे पाठीवर नळकांडे बांधून, प्रशिक्षकाचा हात धरून काही मिनिटे पाण्याखाली राहिला होता, आणि तेव्हापासून ते मासे त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. आता समुद्रविज्ञानच शिकायचे, असे त्याने ठरवले होते. येथवर सारे उत्तम. पण त्याने विचारले, "सर, मला मासेच तर पाहायचे आहेत. अकरावीला गणित सोडले तर चालेल ना?"

विद्यार्थीमित्रहो, हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो, म्हणून माझे मत येथे मांडतो. सोडू नये!

आधी स्कूबाचेच पाहू. पाण्यात दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर १, तर १० मीटरवर २ आणि ३० मीटरवर ४ वातावरणे. झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये जे साधन तयार केले, त्याची करामत ही की, भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब तेवढ्याच दाबाची हवा पाणबुड्याच्या तोंडी येते. म्हणून छाती चेपत नाही. आता समजा, १० मीटरवर एकाने फुफ्फुसांत ५ लिटर हवा भरून घेतली आणि घाबरून, श्वास कोंडून तो वर आला. दाब निम्मा झाला, म्हणून बॉइलच्या नियमाप्रमाणे घनफळ दुप्पट. त्या ५ लिटरचे १० लिटर होऊ पाहणार! फुफ्फुस म्हणजे रबरी फुगा नव्हे. 'पाण्याखाली श्वास कधीही कोंडू नये' हा स्कूबाचा पहिला धडा आहे, तो यासाठी.

आणखी एक गंमत पाहा. ३० मीटरवरून २० वर येताना दाब ४ वरून ३ होतो, म्हणजे हवा फक्त एक तृतीयांशाने फुगते. शेवटच्या १० मीटरांत मात्र ती दुप्पट होते. म्हणजे पृष्ठभाग जवळ आला, आता भीती नाही, असे जेथे वाटते तेथेच धोका अधिक. हे पाठ करून कळत नाही. कागदावर एकदा भागाकार करावा लागतो.

दुसरी गोष्ट. हौशी पाणबुड्याची मर्यादा ४० मीटरची, आणि महासागराची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर. म्हणजे आपण फार तर सायीला बोट लावून येतो. खालचे ज्ञान येते ते जहाजांवरून, उपग्रहांकडून आणि आर्गो नावाच्या तरंगत्या यंत्रांकडून. ही यंत्रे २,००० मीटरपर्यंत बुडी मारतात आणि साधारण दर दहा दिवसांनी वर येऊन तेथले तापमान व क्षारता कळवतात. भारतातर्फे हे काम हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था पाहते. त्या आकड्यांतून समुद्र वाचणारा माणूस कदाचित आयुष्यात एकदाही बुडी मारणार नाही, तरी तो समुद्रशास्त्रज्ञच.

स्कूबा निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. आमचे काही सहकारी त्याला श्रीमंतांचा खेळ म्हणतात, ते मला पटत नाही. सिंधुदुर्गाच्या पश्चिमेला खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. तेथील प्रवाळ पाहायला पाण्यात उतरावेच लागते. द्वारकेजवळ १९८० च्या दशकात समुद्रतळाचे उत्खनन झाले, तेही पाणबुड्यांच्या बळावर. पण स्कूबा हे वाहन आहे, वाट नव्हे. रीतसर अभ्यासक्रमाला हजारो रुपये पडतात, ते आज नसले तर काही अडत नाही.

प्राणिशास्त्राच्या बाजूने सागरी जीवशास्त्राकडे जाता येते, हे खरे. रत्नागिरीला मत्स्यविज्ञानाचे महाविद्यालय आहे, तेथे जीवशास्त्रच लागते. पण लाटा, प्रवाह, मोसमी वारे यांचा अभ्यास करायचा तर पदवीला भौतिकी किंवा गणित हवे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९६६ पासून दोन्ही वाटांनी आलेली माणसे शेजारी शेजारी काम करत आहेत. पंधराव्या वर्षी यांतली एक वाट आपल्या हाताने बंद का करावी? जीवशास्त्र घ्या आणि गणितही ठेवा. थोडा भार पडेल, पडू द्या.

त्या मुलाला मी एक वही दिली आणि किनाऱ्यावरच्या एकाच खडकापाशी भरतीची वेळ रोज टिपायला सांगितले, सोबत तिथी. पंधरा दिवसांनी तो आला तो प्रश्न घेऊनच. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा का येते? उधाण अमावास्येलाही आणि पौर्णिमेलाही कसे? चंद्र तर तेव्हा विरुद्ध बाजूंना असतो! खारव्यांना त्या वेळा तोंडपाठ होत्या. कारणासाठी आम्ही फळ्यावर गेलो आणि पाऊण तास गेला.

त्याने गणित ठेवले आहे. मात्र इतके होऊन स्वारीला पोहता येत नाही, हे मला परवा कळले. सध्या तो काकांबरोबर रोज सकाळी विहिरीवर जातो.